हरभऱ्याची आंब, घाटेअळी आणि एचएएनपीव्ही: नागपूर परिसरासाठी डिसेंबरचा सल्ला

उमरेड, भिवापूरकडचा हरभरा आता फुलावर आहे. पहाटे दवात शेतातून फिरलं की पायांना चरचरते ती आंब, म्हणजे मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. हे झाडाचं हत्यार, पण घाटेअळी त्याला पुरून उरते. अडचण अशी की हरभऱ्याच्याच पानातली आयसोफ्लेव्होनॉइड रसायनं अळीला मारणाऱ्या एचएएनपीव्ही विषाणूला निकामी करतात. म्हणून टोमॅटोच्या पानावर जेवढ्या अळ्या या रोगाने मरतात, तेवढ्या हरभऱ्यावर मरत नाहीत. कपाशीवरही विषाणू मार खातो, पण तिथलं कारण वेगळं. तिथली अमेरिकन (हिरवी) बोंडअळी म्हणजे हीच अळी, गुलाबी बोंडअळी मात्र वेगळी.

तरी विषाणू सोडू नका, फक्त वेळ साधा. पान कुरतडलं गेलं की झाड आपली रसायनं आणखी वाढवतं, आणि अळी जितकी मोठी तितकी ती चिवट. म्हणून ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन लहान अळ्या दिसल्या की लगेच फवारा. बोटाएवढ्या झाल्यावर याचा उपयोग नाही, तेव्हा कृषी सहायकाला विचारून दुसरा उपाय बघा.

प्रमाण हेक्टरी ५०० एल.ई. (म्हणजे ५०० रोगट अळ्यांतून मिळेल एवढा विषाणू), पाणी ५०० लिटर, त्यात २०० ग्रॅम नीळ. एकराला २०० एल.ई. आणि ८० ग्रॅम नीळ धरा. नीळ उन्हापासून वाचवते, कारण अतिनील किरणांत हा विषाणू लवकर मरतो. म्हणूनच फवारणी साडेपाचनंतर, ऊन उतरल्यावर. पंपात इतर औषध मिसळू नका.

दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून दुकानदाराला फोन करू नका! रोग पोटातून पसरतो, मरायला चार ते सात दिवस लागतात. आजारी अळी खाणं सोडून शेंड्यावर चढते, उलटी लटकते आणि तिचं पाणी होतं. तेच पाणी खालच्या पानांवर गळून पुढच्या अळ्यांना लागण करतं. अशा लटकलेल्या अळ्या वेचून फेकू नका. आठवड्याने पाहणी करून नव्या लहान अळ्या असल्या तरच पुन्हा फवारा, कारण मधल्या काळात फुटलेल्या कोवळ्या शेंड्यांवर पहिलं द्रावण पोचलेलंच नसतं.