जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल खोलताना या चुका टाळा

लष्करातून आलेल्या जुन्या रायफली गंजाने जेवढ्या खराब होत नाहीत तेवढ्या चुकीच्या क्रमाने खोलल्यामुळे होतात, हे मी मनापासून सांगतोय.

आधी चेंबर बघा, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा. बोल्ट (हाताने मागेपुढे सरकवून चेंबर उघडबंद करणारा दांडा) पूर्ण मागे घ्या, मॅगझिन रिकामं करा आणि चेंबरमध्ये करंगळी घालून चाचपा, कारण ग्रीस साचलेल्या काळोखात डोळ्यांचा भरवसा नाही. काडतुसं त्या खोलीतच नकोत.

सगळ्यात वाईट वाटतं ते ब्रिटिश ली-एनफील्ड नंबर १ मार्क ३ चं. लोक सरळ मागून बटमध्ये, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडात, लांब स्क्रूड्रायव्हर घालतात आणि ते लाकूड धरून ठेवणारा स्टॉक बोल्ट फिरवायला लागतात. पण त्या स्टॉक बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या, म्हणजे फोरएंडच्या, मागच्या टोकाला असलेल्या छोट्या पट्टीत अडकून बसलेलं असतं, त्यामुळे तुम्ही फिरवलं की ते आतून लाकूड फाकवतं आणि शंभर वर्षं टिकलेल्या फोरएंडला चीर जाते. म्हणून आधी फोरएंड काढा, बट नंतर. नुसती साफसफाई असेल तर बटला हातच लावू नका.

याच घराण्यातल्या नंबर ४ ची बोल्ट हेड, म्हणजे बोल्टची पुढची सुटी टोकं, ० ते ३ अशा मापांत येतात. दोन रायफली एकाच टेबलावर उघडल्या आणि हेड बदलले तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसासाठी राहणारं नेमकं अंतर) बिघडतो, आणि ते वरून बघून कळत नाही. प्रत्येकीचा ट्रे वेगळा ठेवा.

जर्मन माउझर ९८ मध्ये कायमची तक्रार म्हणजे "बोल्ट परत आत जाईना". बोल्ट बाहेर असताना कॉकिंग पीस (बोल्टच्या मागच्या टोकाचा, काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनला जोडलेला भाग) घसरून पुढे गेलेला असतो, बाकी काही नाही. हातोडी नको! कॉकिंग पीस लाकडी टेबलाच्या कडेला अडकवून बोल्ट ओढा, तो मागे आला की सेफ्टीचा खटका मधल्या, उभ्या स्थितीत करा, मग जातो. खोलतानाही सेफ्टी उभी करूनच बोल्ट बाहेर काढायचा. स्प्रिंग जोरात असते, चष्मा लावा आणि टोक तोंडाकडे धरू नका.

रशियन मोसिन-नागांतची फायरिंग पिन आट्यांवर बसते, म्हणून परत लावताना ती किती बाहेर येते ते मोजावंच लागतं: ०.०७५ ते ०.०९५ इंच. रायफलसोबतच्या टूलला त्यासाठीच दोन खाचा आहेत. पिन जास्त बाहेर राहिली तर प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, दारू पेटवणारी टोपी) फुटून गॅस मागे येतो, म्हणजे थेट तुमच्या डोळ्यांकडे.

आणि स्क्रू. खाचेत घट्ट बसणारंच पातं वापरा. माउझरच्या मोठ्या स्क्रूशेजारी बारका लॉक स्क्रू असेल तर तो आधी काढा, नाहीतर मोठा हलणारच नाही आणि तुम्ही जोर लावत बसाल. तरीही हलला नाही तर पेनिट्रेटिंग ऑइल टाकून रात्रभर सोडा, सकाळी परत बघा.