नुकसानभरपाईच्या यादीत नाव नाही? काय तपासायचं, काय मागायचं

कर्नाटकातल्या सीमाभागात शेजाऱ्याच्या खात्यात पीक नुकसानीचे सरकारी पैसे पडले आणि तुमच्या नाही, की पारावर पहिला सल्ला मिळतो: बँकेत जा. नका जाऊ. यादीतच नाव नसेल तर बँकवाला काय करणार?

आधी हिशेब. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत हेक्टरी कोरडवाहूला ८५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० असे दर आहेत. नुकसान निदान ३३ टक्के हवं, मदत दोन हेक्टरपर्यंतच. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या पावसावरच्या भाताला एकरी साधारण ३४४० रुपये. राज्य सरकारने वर काही जाहीर केलं तर ते वेगळं.

मग कर्नाटक सरकारच्या ‘परिहार’ या नुकसानभरपाईच्या संकेतस्थळावर गावाची यादी उघडा. ती कानडीत असते. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला शेजारी बसवा. एकाच आडनावाची दहा घरं असतात, तेव्हा बापाच्या नावासकट जुळवा.

नाव आहे पण पैसे नाहीत, तर आधारला कुठलं खातं जोडलंय ते बघा. रक्कम तिथेच जाते, झेरॉक्स दिलेल्या पासबुकात नाही. बँकेत जायचं ते इथे.

नावच नसेल तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात जाऊन तुमच्या ‘फ्रूट्स’ या शेतकरी नोंदणीला, म्हणजे एफआयडी या ओळख क्रमांकाला, उताऱ्यावरचे सगळे सर्व्हे नंबर जोडलेत का ते पाहा. ‘बेळे दर्शक’ या सरकारी पीक पाहणीच्या ॲपवर पिकाची नोंदही बघा. भाताच्या जागी पडीक दिसलं तर हंगामातच आक्षेप घाला.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर माहिती अधिकार. खरी मेख इथेच आहे. ‘मला पैसे का मिळाले नाहीत?’ असा अर्ज लिहून देणाऱ्या एजंटाला एक पैसा देऊ नका. ‘का’ विचारलं की ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि महिना फुकट जातो. कारण विचारायचं नाही, कागद मागायचा. तहसीलदार कचेरीच्या माहिती अधिकाऱ्याकडे तीनच गोष्टी मागा: गावच्या संयुक्त पाहणी अहवालाची प्रत, तुमच्या सर्व्हे नंबरची ‘परिहार’मध्ये भरलेली नोंद, आणि गावातल्या लाभार्थ्यांची रकमेसकट यादी. हे तीन कागद शेजारी ठेवले की नाव कुठे गळलं ते तुम्हालाच दिसतं.

कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, फी दहा रुपये. वडिलोपार्जित वाटणीची कहाणी त्यात घालू नका. आणि अर्ज कानडीत द्या. सीमाप्रश्न आपल्या जागी. इथे भाषेवरून कागद अडकवायला कुणाला निमित्त कशाला द्यायचं?

‘दुसऱ्यांची नावं देता येत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर कायद्याचं कलम ४(१)(ब) मधलं बारावं पोटकलम दाखवा. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने आपणहून जाहीर करायचा असतो. दुसऱ्यांचे आधार आणि खाते नंबर मात्र मागू नका. ते नाकारतील, आणि ते बरोबरच आहे.

पोच घ्या, शिक्का-तारखेसह. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील घालता येतं, आणि उत्तराचे तीस दिवस पोचेवरच्या तारखेपासूनच मोजतात.