छप्पर बदलायचं की नुसती शाकारणी करायची?

आमच्या पाटण-जावळीकडं मे महिन्यात घरी येणारा प्रत्येक जण वर बघून सांगतो, "कौलं काळी पडली की हो, आता पत्रा टाका." काळं म्हणजे शेवाळ. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, कोयनेच्या खोऱ्यातही तो हात आखडत नाही. इथं नव्या कौलालाही दोन पावसांत शेवाळ धरतं. तेवढ्यावरून छप्पर संपलं म्हणणारा एक तर पत्रा विकणारा असतो, नाहीतर त्याचा मेहुणा.

फुटकी कौलं बदला, वानरांनी सरकवलेली बसवा, शाकारणी म्हणजे एवढंच. कौलच जुनं झालंय अशी शंका असेल तर दोन्ही पाखांवरची, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवरची, चार-चार कौलं काढून कडक उन्हात वाळवा, तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून परत तोला. अडीच किलोचं कौल अर्ध्या किलोपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर ते बाद.

खरी गोम लाकडात असते आणि मी तिथंच फसलो. स्वयंपाकघरात चुलीशेजारी थेंब पडायचा. बरोबर त्याच्या वरचं कौल मी दोनदा बदललं, थेंब हलला नाही. वैतागून सगळी कौलं नवी आणली आणि जुन्याच वाशांवर, म्हणजे कौलांखालच्या उतरत्या लाकडांवर, चढवली. त्या श्रावणात पाख मधोमध खोलगट झाला. पाणी शिरत होतं आढ्याजवळ, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाजवळ. तिथून वाशाच्या अंगावरून सात-आठ फूट उतरून ते चुलीशी टपकायचं, आणि तेवढ्या वाटेतला वासा आतून भुसा झाला होता. चौरस मीटरला पंधरा-सोळा कौलं, म्हणजे कोरडी असतानाच चाळीस किलोच्या आसपास वजन. भिजल्यावर त्यात आणखी भर.

म्हणून थेंब पडतो तिथं बघू नका. पाऊस चालू असतानाच बॅटरी घेऊन माळ्यावर जा, वाशावरची ओल बोटानं चाचपत वर सरका आणि ती जिथं सुरू होते तिथं चिंधी बांधा. पाऊस उघडला की त्याच्या वरची कौलं काढा आणि जुना स्क्रू ड्रायव्हर वाशात दाबा. खालून नव्हे, वरून! धुरानं काळा झालेला वासा खालून लोखंडासारखा वाटतो. वाळवीही बाहेरचा पापुद्रा तसाच ठेवते. वासा भिंतीवर टेकतो ते टोक तर सोडूच नका, कुजायला सुरुवात बहुतेक तिथूनच होते. स्क्रू ड्रायव्हर बोटाचं पेरभर आत गेला की तो वासा मेला.

असे एक-दोन निघाले तर शेजारी नवा वासा द्या आणि गप्प बसा. तिसरा हिस्सा वासे गेले असतील, किंवा आढंच गेलं असेल, तर मात्र सगळं उतरवा. ठिगळं लावत बसू नका, सुताराची मजुरी दरवर्षी नव्यानं द्यावी लागते.

आढ्याला झोल दिसला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. जुन्या घरात तो असतोच. दोन टोकांना सुतळी ताणून पावसाआधी झोल मोजा, दिवाळीत परत मोजा. वाढला असेल तर छप्पर बसतंय. आमच्याकडं भूकंपाचे बारीक धक्के अधूनमधून असतात. जाणवेल असा धक्का बसला की एकदा कौलं बघून घ्यायची.

पत्र्याचं सोपं आहे: खिळ्यांच्या भोकांभोवती गंज पसरला की बदला. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, तो स्वतः कापू-फोडू नका. माण-खटावकडच्या माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, हिशोब वेगळा, त्यात मी बोलत नाही.

उतरवायचं ठरलं तर लाकूड दिवाळीनंतर घेऊन ठेवा आणि मार्चमध्ये काम धरा. सुतार "मे मध्ये बघू" म्हणाला तर दुसरा सुतार बघा. वळीव कुणाच्या उघड्या घरासाठी थांबत नाही. आमची ज्वारीची दोन पोती त्यातच भिजली.