गर्भपात केंद्रांचे पैसे अडवणारं अमेरिकी विधेयक कसं वाचायचं

टेक्सास किंवा मिसूरीत 'गर्भपाताला सरकारी पैसा बंद' असं विधेयक आलं की मथळ्यावर जाऊ नका. गर्भपातासाठी मेडिकेडमधला (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतला) केंद्र सरकारचा पैसा १९७६च्या हाइड दुरुस्तीपासूनच, म्हणजे केंद्राच्या खर्च विधेयकातल्या एका अटीने, अडवलेला आहे. आज अपवाद तीनच: बलात्कार, रक्ताच्या नात्यातला लैंगिक संबंध आणि गर्भवतीच्या जिवाला धोका. राज्याचं विधेयक मुख्यतः अडवतं ते त्याच दवाखान्यातल्या बाकीच्या कामाचे पैसे: गर्भनिरोधकं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची पॅप तपासणी, गुप्तरोगांच्या चाचण्या. म्हणून पैसा 'कशासाठी' बंद याच्याआधी 'कोणाला' बंद ते शोधा.

आपल्याकडच्या वाचकाची इथे एक गल्लत होते. भारतात १९७१च्या कायद्यानुसार गर्भपात सरकारी रुग्णालयात किंवा सरकारमान्य ठिकाणी होतो, त्यामुळे डोळ्यांसमोर सिव्हिल हॉस्पिटल येतं. अमेरिकेत मात्र निशाण्यावर असतात प्लॅन्ड पॅरेंटहूडसारख्या ना-नफा संस्थांचे दवाखाने.

मजकूर विधिमंडळाच्या संकेतस्थळावरूनच घ्या, आणि शेवटचा मंजूर मसुदा घ्या; मांडलेला आणि मंजूर यांत बराच फरक पडतो. टेक्सासमध्ये अधोरेखित शब्द म्हणजे नवी भर, कंसात खोडलेले म्हणजे वगळलेले. मिसूरीत नवी भर ठळक अक्षरांत असते, वगळलेलं कंसात. ही खूण माहीत नसली की रद्द झालेलं कलम कायदा म्हणून वाचलं जातं.

मग व्याख्यांचं कलम. सगळी मेख 'संलग्न संस्था' या शब्दात असते. टेक्सासच्या २०१२च्या नियमात समान मालकी किंवा नियंत्रण तर होतंच, पण दुसऱ्या संस्थेचं नाव वा बोधचिन्ह वापरण्याचा परवानाही संलग्नतेत धरला होता. म्हणजे स्वतः एकही गर्भपात न करणारा दवाखाना नुसत्या पाटीवरून बाद. मिसूरीत २०२२पासून जवळजवळ पूर्ण गर्भपातबंदी होती, तरी २०२४मध्ये गर्भपात केंद्रांना आणि त्यांच्या संलग्न संस्थांना सरकारी पैसा बंद करणारं हाऊस बिल २६३४ आलं. ते या शब्दाशिवाय उलगडत नाही.

आता पैशाची वाट. मेडिकेड केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, आणि कुटुंबनियोजनाच्या सेवांवर डॉलरमागे ९० सेंट केंद्र देतं. टेक्सासने २०११मध्ये आपल्या महिला आरोग्य योजनेतून संलग्न संस्था वगळायचं ठरवलं, केंद्राने नकार दिला, आणि जानेवारी २०१३पासून राज्याने ते ९० सेंट सोडून योजना स्वतःच्या पैशावर चालवली. म्हणून विधेयकासोबतची खर्चाची टीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पैसा म्हणजे फक्त अनुदानही नव्हे. टेक्सासच्या २०१९च्या सेनेट बिल २२ने शहरांना आणि काउंटींना (जिल्ह्यांना) अशा संस्थांशी भाडेकरारही करायला मनाई केली. ऑस्टिन शहराने प्लॅन्ड पॅरेंटहूडला एक इमारत वर्षाला एक डॉलर भाड्याने दिली होती, रोख त्यावर होता.

बंदी कायद्यात आहे की अंदाजपत्रकात, हेही बघा. अंदाजपत्रकातली अट त्या अंदाजपत्रकाच्या मुदतीपुरती असते आणि कोर्टात पडू शकते. २०२०मध्ये मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खर्चाच्या विधेयकातून मूळ कायदा बदलता येत नाही. हाऊस बिल २६३४ हा २०२४चा स्वतंत्र कायदा त्यानंतरचा. कधी कधी विधेयक नसतंच: साउथ कॅरोलिनाची २०१८ची बंदी गव्हर्नरच्या आदेशाने आली.

त्याच आदेशावरून जून २०२५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला: मेडिकेड कायद्यातल्या 'हवा तो सेवादाता निवडा' या तरतुदीच्या आधारे रुग्णाला केंद्रीय न्यायालयात राज्याविरुद्ध दाद मागता येत नाही. त्याआधीचे 'असे कायदे कोर्टात टिकत नाहीत' म्हणणारे लेख त्यामुळे जपून वाचा.

एखाद्या दवाखान्याचे पैसे थांबले म्हणून लगेच राज्याच्या कायद्याला जबाबदार धरू नका. ४ जुलै २०२५च्या केंद्रीय कायद्यात वर्षभराची वेगळी बंदी होती. ती २०२३च्या आर्थिक वर्षात मेडिकेडमधून आठ लाख डॉलरपेक्षा जास्त मिळालेल्या, गर्भपात करणाऱ्या ना-नफा कुटुंबनियोजन संस्थांना लागू होती. राज्याचा आणि केंद्राचा कायदा लागू झाल्याच्या दोन्ही तारखा शेजारी मांडा. मिसूरीचे कायदे सहसा २८ ऑगस्टला लागू होतात, टेक्सासचे बहुतेक १ सप्टेंबरला.