मशीनवर मोबाईल धरला की सूचना दिसायला हव्यात? छोट्या कारखान्यात एआर असं बसवा

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) किंवा पोर, वाघोडियाकडे कुणाचं युनिट असेल तर हा लेख त्यांच्यासाठी. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी (एआर), म्हणजे कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या वस्तूवर बाण-मजकूर दाखवणं, म्हटलं की लोकांना गेम आठवतात नाहीतर ते महागडे चष्मे. पण ही गोष्ट जन्मली कारखान्यातच. १९९० च्या सुमारास बोइंगमधले टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल विमानाच्या वायरिंगवाल्या कामगारांना कुठली वायर कुठून न्यायची ते डोळ्यासमोर कसं दाखवता येईल यावर काम करत होते, हा शब्द तिथूनच आला. चष्म्यांचं काय झालं ते बघा, गूगलने एंटरप्राइझवाला ग्लास २०२३ मध्ये बंद केला, मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ बनवणं २०२४ मध्ये थांबवलं. खिशातला मोबाईल मात्र आहेच, मग सुरुवात त्यानेच करायची.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मोबाईलवरचं एआर "कुठे" आणि "कुठल्या क्रमाने" हे छान सांगतं, "नेमकं किती" हे सांगत नाही. कॅमेरा आणि आतले मोशन सेन्सर मिळून फोन स्वतःची जागा अंदाजाने ठरवत असतो आणि त्यात थोडं सरकणं आलंच. हा व्हॉल्व्ह बंद कर हे दाखवायला चालतं, ड्रिलचं सेंटर मारायला अजिबात नाही, तिथे व्हर्नियर आणि जिगच.

फोन चालतो का बघा

अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये "गूगल प्ले सर्व्हिसेस फॉर एआर" शोधा, इन्स्टॉल होत असेल तर फोन चालेल, नाही म्हणाला तर सोडून द्या. आयफोन-आयपॅडवर ही सोय २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून आहे. लायडारवाला (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर असलेला) आयपॅड असला तर उत्तम, पण त्याच्यासाठी अडून बसू नका.

एकच मशीन, एकच काम

अख्ख्या शेडचं एआर करायला गेलात की ते काम कधी पुरं होत नाही. असं काम निवडा जे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येतं, रोजचं काम लोकांना पाठच असतं. उदाहरणार्थ हायड्रॉलिक प्रेसच्या पॉवर पॅकचा (तेलाला दाब देणाऱ्या पंप-टाकीचा) मेंटेनन्स. रिटर्न लाइनचा फिल्टर कुठला, सक्शन स्ट्रेनर कुठे, ब्रीदर कुठे, रिलीफ व्हॉल्व्हला हात लावायचा नाही म्हणजे नेमका कशाला नाही, नव्या हेल्परला तिथे सगळंच सारखं दिसतं.

आता खरं काम. तुमच्याकडे जे जुने फिटर असतील त्यांना मशीनपाशी उभं करा आणि ते काम करत असताना फक्त विचारत राहा, "काका, हे खोलायच्या आधी तुम्ही काय बघता?" मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की फिल्टर बदला, काका सांगतील की आधी टाकीला हात लावतो, गरम असली तर चहा पिऊन येतो, मग गेजचा काटा शून्यावर आलाय का बघतो, मग खाली ट्रे सरकवतो कारण कितीही म्हटलं तरी तेल सांडतंच. हे सगळं व्हिडिओत घ्या, नंतर त्यातून फोनवर दिसतील अशी सूचनांची सात-आठ कार्डं काढा, एका कार्डावर एकच क्रिया. माझ्या मते ही पायरी चांगली झाली तर पुढचं सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, आणि ही झाली नाही तर कितीही भारी अ‍ॅप आणा, काही उपयोग नाही.

पहिलं कार्ड नेहमी सेफ्टीचं. मेन स्विच ऑफ, कुलूप, टॅग, अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी टाकी) असेल तर त्याचं प्रेशर रिकामं. हे कार्ड ओके केल्याशिवाय दुसरं उघडूच नये असं करून घ्या.

भाषा? ऑफिसात आपण मराठीत बोलतो पण शेडमध्ये गुजराती आणि हिंदीच जास्त चालते, तेव्हा कार्डं त्या भाषेत लिहा, बाण आणि फोटो जास्त, मजकूर कमी.

मार्कर: इथेच बहुतेकांचं फसतं

फोनला कळलं पाहिजे की समोर हीच मशीन आहे, त्यासाठी मशीनवर एक चित्र चिकटवतात. मनात पहिला येतो तो क्यूआर कोड, पण गूगलचं एआरकोर (अँड्रॉइडवर एआर चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःच सांगतं की क्यूआर, बारकोड, कंपनीचा लोगो असली रेघांची चित्रं यासाठी नीट पकडली जात नाहीत. त्याला हवा असतो भरगच्च, कुठेही रिपीट न होणारा फोटो. मंगळ बाजारातल्या गर्दीचा फोटो मस्त चालतो, टाइल्सची भिंत चालत नाही. आणि रंग तो बघतच नाही, त्यामुळे एकाच फोटोच्या लाल-हिरव्या कॉप्या काढून दोन मशीनवर लावल्यात तर त्याला दोन्ही सारख्याच, प्रत्येक मशीनला फोटो वेगळा हवा.

साइझ कमीत कमी १५ बाय १५ सेंटीमीटर, मी २० घ्या म्हणेन. सनबोर्डवर सपाट चिकटवा, लॅमिनेशन मॅट करा, चकचकीत केलंत तर ट्यूबलाइट त्यात चमकते आणि फोन आंधळा होतो. गोल पाइपवर गुंडाळायचं नाही, उघडबंद होणाऱ्या दारावर लावायचं नाही, नाहीतर दार उघडलं की सगळे बाण दाराबरोबर फिरायला निघतात. अ‍ॅपमध्ये चित्राची खरी रुंदी भरा, त्याने लवकर पकडतं. पहिल्यांदा ओळखताना चित्राने स्क्रीनचा निदान पाव भाग भरला पाहिजे, म्हणजे हातभर अंतरावर जावं लागतं, एकदा पकडलं की मागे सरका.

आणि मार्कर कामाच्या जवळ लावा. फोनने चित्राचा कोन एका अंशाने चुकीचा धरला तर एक मीटरवर बाण जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटर सरकतो, शेजारशेजारच्या दोन व्हॉल्व्हमध्ये एवढं पुरेसं आहे घोळ घालायला. लांब मशीन असेल तर दोन मार्कर.

अ‍ॅप कोण बनवणार

आयपॅड असेल तर अ‍ॅपलचं रिअ‍ॅलिटी कंपोझर फुकट आहे, त्यात चित्रावर बाण, मजकूर बसवता येतो, कोडिंग लागत नाही. अँड्रॉइडसाठी युनिटीमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एआर फाउंडेशन हा त्याचा एआरवाला भाग वापरून करून घ्यावं लागतं. त्यासाठी पुण्या-मुंबईची एजन्सी कशाला, आपलं कलाभवन आहे की, सयाजीरावांनी १८९० मध्ये उद्योगधंदे शिकवायलाच काढलेलं, आज एमएस युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी, तिथल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रोजेक्ट हवाच असतो. फक्त त्यांना आधी मशीन दाखवा, नुसता फोटो पाठवू नका.

नवीन मशीन मागवायच्या आधी ती शेडमध्ये मावते का हे बघायचं असेल तर आणखी सोपं. सप्लायरकडून थ्रीडी मॉडेल घ्या, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हलकं करा, जीएलबी (थ्रीडी मॉडेलची) फाइल काढा, अँड्रॉइडच्या सीन व्ह्यूअरमध्ये ती जमिनीवर खऱ्या मापात उभी राहते. कॅडमध्ये माप मिलिमीटरमध्ये आणि जीएलबीत मीटरमध्ये, हे विसरलात तर दोन मीटरची मशीन दोन किलोमीटरची होते! ऑपरेटर मागून फिरू शकतो का, पॅनलचं दार पूर्ण उघडतं का, फोर्कलिफ्ट वळते का, हे चालत चालत बघता येतं. शेवटचं माप मात्र टेपनेच घ्या.

टेस्ट कशी करायची

ज्याने ते काम कधीच केलेलं नाही अशा पोराच्या हातात फोन द्या, फिटरकाका बाजूला उभे राहू देत पण बोलायचं नाही (हे त्यांना सगळ्यात अवघड जातं). पोरगा जिथे अडेल ते कार्ड पुन्हा लिहा. फोन हातात धरून पाना फिरवता येत नाही, म्हणून मॅग्नेटवाला स्टँड लावा, बघायचं, फोन ठेवायचा, मग काम. फोनमध्ये बघत बघत शेडमध्ये चालायचं नाही.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली फोन तापून कॅमेरा बंद पडतो, तेव्हा असली कामं सकाळच्या शिफ्टला ठेवा. अंधार आणि चकचकीत स्टीलचे पत्रे या दोन्हींनी ट्रॅकिंग सुटतं, एक एलईडी लावली तर बराच फरक पडतो. कार्डं फोनमध्येच साठवा, शेडमध्ये नेट येतंच असं नाही. नंदेसरीसारख्या केमिकलवाल्या ठिकाणी, ज्वलनशील वाफ असू शकते तिथे साधा फोन न्यायचाच नाही, त्यासाठी वेगळे सर्टिफाइड फोन मिळतात आणि सेफ्टी ऑफिसरची परवानगी लागते.

प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात तारीख आणि कुणी तपासलं ते लिहा. फिल्टरची मेक बदलली, पाइपलाइन फिरवली की त्याच दिवशी कार्ड बदला, आणि बदलायला वेळ नसेल तर मार्कर काढून कपाटात ठेवा आणि काकांना हाक मारा.