मोदे आनी ते एलोहाय नेशामा : सकाळी आत्म्यासाठी आभार कसे मानावेत

‘भाव खरा असला की झालं, शब्द कसेही म्हणा’ असं सांगणारे आमच्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) मंडळींतही पुष्कळ आहेत. त्यांचं ऐकू नका. सकाळच्या या दोन हिब्रू प्रार्थनांपैकी पहिली अवघ्या १२ शब्दांची आहे, तेवढी तरी नीट म्हणावी.

जाग आली की अंथरुणातच ‘मोदे आनी’ (‘मी आभार मानतो’) म्हणायची. बाईने ‘मोदा आनी’ (‘मी आभार मानते’) म्हणावं. रात्री ठेव म्हणून देवाकडे गेलेला आत्मा त्याने करुणेने परत दिला, त्याचे हे आभार. ‘बेहेम्ला’पाशी (‘करुणेने’) जरा थांबा, मग ‘राब्बा एमुनातेखा’ (‘तुझी निष्ठा थोर’). हात न धुता चालते, कारण हिच्यात देवाचं नाव नाही. ही प्रार्थना मोशे बेन माखीर यांच्या १५९९ च्या ‘सेदेर हायोम’ या पुस्तकात आली. ‘एलोहाय नेशामा’ त्याहून कितीतरी जुनी, थेट तालमुद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथातली. जाग येताच म्हणायची ती तीच होती; पण तिच्यात देवाचं नाव आहे, म्हणून ती हात धुतल्यानंतर म्हणायची झाली.

मग तांब्याने आधी उजव्या हातावर, मग डाव्या, असं आळीपाळीने तीनदा पाणी. शौचाला जाऊन आल्यावर ‘आशेर यात्सार’, म्हणजे देह नीट चालतो याच्या आभाराची प्रार्थना.

आता ‘एलोहाय नेशामा’. मी वर्षानुवर्षं इथेच चुकलो. आजीच्या वहीत सगळं देवनागरीत उतरवलेलं होतं आणि पहिले दोन शब्द एकाला एक चिकटवलेले. मीही एका दमात ‘एलोहायनेशामा’ म्हणायचो. एकदा सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनास्थळात) शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी कोपराने ढोसलं. ‘अरे, आत्म्यालाच देव करतोस की काय?’ खरंच, न थांबता म्हटलं तर ‘माझा देव म्हणजे आत्मा’ असं ऐकू येतं. म्हणायचं असतं ते ‘माझ्या देवा, तू माझ्यात घातलेला आत्मा शुद्ध आहे’. तेव्हा ‘एलोहाय’ म्हणा, थांबा, आणि मगच ‘नेशामा’. घाई असली तरी हा थांबा गाळू नका.

दुसरी खोच पुढच्याच ओळीत आहे : ‘आता वेराताह, आता येत्सार्ताह, आता नेफाहताह बी’. तूच तो निर्माण केलास, घडवलास, माझ्यात फुंकलास. या क्रियापदांच्या शेवटच्या ‘हे’ या हिब्रू अक्षरात एक टिंब असतं, ते ‘ह’ ऐकू आलं पाहिजे असं सांगतं. ‘तो’ म्हणजे आत्मा, तो या ‘ह’मध्येच आहे, ‘ह’ गिळलात तर देवाने काय निर्माण केलं ते सांगायचंच राहिलं. फार जोर लावू नका. ‘स्वतः’ म्हणताना शेवटी जेवढा श्वास सुटतो तेवढा पुरे. आजीच्या वहीत हा ‘ह’ कुठेच नव्हता, मी नंतर पेन्सिलीने एकेक घातला.

आणि बायांनो, या प्रार्थनेच्या मध्यावर ‘मोदे आनी’ पुन्हा येतं. पहाटे आठवणीने ‘मोदा’ म्हणणाऱ्याही इथे हमखास ‘मोदे’ म्हणून जातात.

शेवट ‘हामाहाजीर नेशामोत लिफगारीम मेतीम’, म्हणजे मृत देहांना आत्मे परत देणारा. ऐकणाऱ्याने ‘आमेन’ म्हणावं. आमच्याकडे ते स्वयंपाकघरातून यायचं, चहाचं आधण ठेवता ठेवता.