लग्नाची जुनी कॅसेट मोबाइलवर आणायची तर

सोलापुरात गड्ड्याची जत्रा उरकली की साखर पेठेतल्या आमच्या दुकानात पिशव्या यायला लागतात. "आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट आहे वो मॅडम, पेन ड्राइव्हवर टाकून द्या की." टाकून देते. पण जुना कॅमेरा किंवा व्हीसीआर हाताशी असेल तर हे घरीही जमतं. एकच गोष्ट पाळा: टेपवरचं आधी जसंच्या तसं उतरवून घ्या, काटछाट आणि फाइल लहान करणं नंतर. उतरवतानाच आवळलेली फाइल एडिटिंगनंतर पुन्हा आवळली की चेहऱ्यांचे ठोकळे होतात.

आधी कॅसेट उजेडात धरून बघा. माळ्यावर पत्र्याखाली किती सोलापुरी उन्हाळे काढलेत तिने, कोण जाणे. टेपच्या कडेला पांढरट काही दिसलं तर ती बुरशी. तसली कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही. मशीनचं टेप वाचणारं हेड घाण होतं आणि पुढच्या कॅसेटलाही ती लागते. चांगली असेल तर एकदा शेवटपर्यंत पळवून परत गुंडाळा, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो.

जाडजूड व्हीएचएस असेल तर फार पर्याय नाहीत. पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची, त्या यूएसबी कॅप्चरच्या डबीत (टेपचं चित्र कॉम्प्युटरला देणारी डबी). सॉफ्टवेअरमध्ये पाल, म्हणजे आपल्याकडची व्हिडिओ पद्धत, निवडा. एनटीएससी (अमेरिकेकडची पद्धत) राहिलं तर चित्र काळंपांढरं येतं किंवा लोळतं. कॅमेऱ्याची वायर दुसऱ्या कंपनीची असेल आणि पिवळ्या पिनेतून नुसती घरघर येत असेल, तर लाल पिन पिवळ्या भोकात लावून बघा. एव्ही जॅकवरच्या पट्ट्यांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो.

मिनी डीव्हीची छोटी कॅसेट मात्र पिवळ्या पिनेने उतरवू नका. तिच्यावर चित्र आधीच डिजिटल आहे, सेकंदाला २५ मेगाबिट. फायरवायर नावाच्या वायरने ते तसंच्या तसं कॉम्प्युटरवर येतं. तासाला साधारण १३ जीबी जागा ठेवा. कॅमेऱ्याकडे चार पिनांचं छोटं टोक, डेस्कटॉपच्या कार्डाकडे सहा पिनांचं. सहा पिनांच्या टोकातून वीजही येते, म्हणून कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करून जोडा. उलटं घुसवलं तर कॅमेऱ्याचा पोर्ट जळू शकतो. कॅमेऱ्याला यूएसबी दिसलं म्हणून हुरळू नका, बहुतेकांत ते फोटोपुरतंच असतं. आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेणारच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

आता वरातीतला नाच लावा आणि थांबवा. हाताच्या कडेला फणीचे दात दिसतील. जुन्या व्हिडिओत एका सेकंदाच्या २५ फ्रेम म्हणजे ५० अर्ध्या फ्रेम असतात, एकाआड एक ओळींच्या. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसला (हे दात घालवायच्या सोयीला) 'बॉब' निवडलं की त्यांच्या ५० पूर्ण फ्रेम होतात आणि नाच गुळगुळीत दिसतो. पण यूट्यूब ५० फ्रेम ७२०पी (उभ्यात ७२० ओळी) आणि त्यावरच दाखवतं, म्हणून आकार ९६०×७२० करा. रुंद स्क्रीन भरायला ताणू मात्र नका. नवरी फुगलेली दिसते आणि बोलणी आपल्याला बसतात. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या. व्हीएचएसमध्ये खाली फाटल्यासारख्या ओळी येतात, त्या झाकल्या की पुरे.

एडिटिंगला शॉटकट फुकट आहे आणि पुरेसं आहे. तीन तासांचं लग्न कुणी बघत नाही, दहा मिनिटांचं बघतात. आधी सगळं बघून कागदावर वेळा टिपा. जेवणाच्या पंगती, आहेर, स्टेजवरच्या रांगा बिनधास्त उडवा. मंगलाष्टकांना कात्री लावायची नाही, आणि आमच्या तेलुगू घरांतलं लग्न असेल तर डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात तो क्षणही अख्खा ठेवा. पंगतीतून सुद्धा एक शॉट ठेवते मी: वाढणाऱ्या बायकांचा. आज त्यातली कुणी हयात नसेल तर घरचे नेमके तिथेच थांबवून बघतात. दिलवाली हृदयं नि गोल फिरणारे फोटो त्या काळच्या मिक्सिंगवाल्याने भरपूर घातलेत, तुम्ही भर घालू नका.

मागे सिनेमाचं गाणं लावलं तर यूट्यूब ते ओळखतं आणि हक्काचा दावा येतो. सनईचा, भटजींचा, पोरांच्या कालव्याचा मूळ आवाज ठेवा, तोच ऐकायचा असतो.

शेवटची फाइल एमपी४, व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी (हे आवळायचे प्रकार). हँडब्रेकमध्ये क्वालिटीचा आकडा (आरएफ) २० च्या आसपास ठेवा आणि 'वेब ऑप्टिमाइझ्ड'वर टिक करा, म्हणजे पूर्ण डाउनलोड व्हायच्या आधीच चालू होते. एच.२६५ने फाइल लहान होते खरी, पण काकांच्या जुन्या फोनवर काळा पडदा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते परत आवळतं, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवा. उतरवलेली मोठी मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक भावाच्या किंवा बहिणीच्या घरी.